अक्का, तुझा माईक बंद आहे

अक्का, परवा मी तुझ्यावर पुन्हा ओरडलो. तू गेल्यावरही.

तुझ्या शिवगणाराधनेला, दिवसाच्या जेवणाला, कोण कुठल्या गाडीनं दुधनीला पोचणार, एवढंच मला घरच्या ग्रुपवर विचारायचं होतं. बोटानं घात केला. लिहायच्या जागी फोनचं चित्र दाबलं गेलं आणि गुलबर्ग्यापासून पुण्यापर्यंत आपल्या सगळ्या माणसांचे फोन एकदम वाजले. दुखवट्यातल्या घरातून असा सामुदायिक फोन आला की माणसं काय समजणार? "आता कोण?" असंच पहिल्यांदा सगळ्यांनी विचारलं. गुलबर्ग्याच्या काकूंनी तर कोण ते न विचारताच रडायला सुरुवात केली.

मी "चुकून लागला, चुकून लागला" करत होतो, तेवढ्यात पडद्यावर अजून एक चौकोन उघडला. तुझा. तुझ्या पोराच्या, मल्लूच्या लग्नातला फोटो, निळं इरकल, कपाळाला विभूती, आणि फोटो काढणाऱ्यावर नाराज असल्यासारखा चेहरा. खाली माईकच्या चित्रावर काट मारलेली. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"अक्का, तुझा माईक बंद हाय बघ. खालचं बटण दाब."

आपल्या खानदानातली इतकी माणसं एका वेळी गप्प बसलेली मी जन्मात ऐकली नव्हती.

तुझा फोन सवितानं उचलला होता, तुझ्या सुनेनं. घरात भेटायला आलेली माणसं बसली होती म्हणून तिनं आवाज बंद ठेवला होता. तिनं तो चालू केला आणि हळूच म्हणाली, "मामा, मी हाय." मी फोन ठेवला. म्हणजे माझ्या हातून तो सुटलाच.

आता तू म्हणशील, "तम्मा, तू हायेसच तसला." आहेच. पण एक सांग, हे वाक्य माझ्या तोंडात बसवलं कुणी? गेले कित्येक महिने रोज मी तुला हेच सांगत नव्हतो का? आपण बोलतोय, बोलतोय, आणि मधेच तुझ्याकडनं काहीच येईना. मी ओरडायचो, "माईक बंद झाला बघ. बटणाला गाल लागतोय तुझा!" मग थोड्या वेळानं तू परत यायचीस आणि म्हणायचीस, "व्हय की, लागला वाटतं गाल." मी तुझ्या भावजयीला, सुवर्णाला म्हणायचो, अक्काचे गाल वर आलेत बहुतेक, तब्येत सुधारली दिसते. माझी अक्कल अशी, अक्का. ती तुझ्या नंतरही तशीच आहे, काळजी करू नकोस.

आपलं हे फोनचं भांडण जुनंच. तू लग्न होऊन दुधनीला गेलीस तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. भावजींच्या आडत दुकानात काळा फोन होता आणि आमच्या सोलापूरच्या गल्लीत फक्त शेजारच्या चादरवाल्यांकडं. तू फोन केलास की ते हाक मारायचे आणि आम्ही सगळे पळत जायचो. तू एवढ्या मोठ्यानं बोलायचीस, की रिसीव्हर बाबांच्या कानाला असला तरी ऐकू मला उंबऱ्यात यायचं. बाबा म्हणायचे, "हिला कशाला फोन पायजे? दुधनीतनं नुस्ती ओरडली तरी अक्कलकोटपर्यंत येतंय, पुढचं कुणीतरी सांगेल."

मोबाईल आले तरी तुझं ओरडणं कमी झालं नाही. सकाळी भाकरीला बसलीस की पिठाच्या डब्याला फोन टेकवून स्पीकर लावायचीस आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "ऊटा आतेनो?" जेवलास का. सकाळचे आठ वाजलेले असायचे. न जेवलेला भाऊ म्हणजे उपाशी भाऊ, एवढंच तुझं गणित. मागं थप थप थप थप सुरू. त्या थापण्यावरनं मला तुझी तब्येत कळायची, मूड कळायचा. थाप जोरात पडली की समजायचं, मल्लूनं काहीतरी केलंय. मधेच थांबली की समजायचं, आता खरं बोलणार आहे.

आणि तुला माझ्याकडचं सगळं कळायचं. आम्ही जुन्या घरात होतो तेव्हा भिंतीपलीकडं मागाचा कारखाना. दिवसभर खटखट. ती थांबली की तू दुधनीतनं विचारायचीस, "लाईट गेली व्हय रे तुमच्यात?" जुळे सोलापुरात राहायला आलो, मग तू नळाचा आवाज ऐकून सांगायला लागलीस, "आज पाणी आलंय तुमचं, फोन ठेव आणि भर जा." आणि ते भज्यांचं प्रकरण. डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलेलं. तुझा फोन आला, मी म्हणालो, कॉलेजच्या ऑफिसात हाय, कामात हाय. तेवढ्यात मागं पोऱ्या ओरडला, "दोन प्लेट कांदाभजी, मिरची जादा!" तू म्हणालीस, "तुझ्या ऑफिसात मिरची जादा घालत्यात व्हय रे?"

त्याच दिवशी तू ते वाक्य म्हणालीस. "तम्मा, माणूस बोलतंय ते खोटं असतंय. मागं वाजतंय ते खरं."

हे वाक्य मी विसरायला नको होतं.

नेटवरचा फोन मी का सुरू केला, हे आता तुला सांगायला हरकत नाही. मी सांगायचो ते असं, की आवाज चांगला येतो, साध्या फोनवर तू विहिरीतनं बोलल्यासारखी वाटतेस. खरं कारण भजी. नवीन फोनात नेटवरनं बोललं की मागचा गोंधळ पलीकडं जातच नाही, हे मला हॉटेलातच कळलं होतं. कळल्याबरोबर मी अजून एक प्लेट सांगितली.

तुला मात्र ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. "आवाज डब्यातनं येतोय." "तू बोलतोस ते मी बोलून झाल्यावर येतंय." आपण दोघं एकदम बोलायचो, मग दोघं एकदम थांबायचो. "हां, बोल." "न्हाई, तू बोल." "बोल की." त्यातच निम्मी सकाळ जायची. आणि तुझी मुख्य तक्रार भाकरीची. तुझी थाप मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तुला ते फार लागलं. "मी हितं घाम गाळतेय आणि तुला ऐकू येत न्हाई? म्हंजे मी रिकामी बसून बोलतेय असं वाटत असंल की तुला!" मी म्हणालो, "अगं, तेच तर चांगलं हाय. फक्त तूच ऐकू येतेस." तू म्हणालीस, "फक्त मी कुटं असते रे? माझ्या मागं घर असतंय."

मी हटणारा थोडाच. एका रविवारी तुला प्रात्यक्षिकच दिलं. सुवर्णाला म्हणालो, मिक्सर लाव. ती म्हणाली, "रिकामा?" म्हणालो, रिकामा. ती तुझी भावजय, माझी बायको. दोघांच्या वेडाचा अनुभव असल्यामुळं तिनं लावला. मी मिक्सरच्या शेजारी उभा राहून तुला विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"तू."

"आणि मागं?"

"काय न्हाई."

"मिक्सर चाललाय अक्का! माझ्या कानाशी!"

तू तो बंद करून परत लावायला सांगितलंस. मग म्हणालीस, "खरंच न्हाई येत की रे." मला वाटलं, तू हरलीस. आता वाटतं, तू त्या वेळी ते नीट मनात ठेवून दिलंस. डाळीच्या डब्याखाली नोट ठेवायचीस तसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा पाय मोडला. कारण तुला माहीत आहे, तू त्यावर दोन गावांना हसवलंस, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. तुझा आवाज तुटतोय म्हणून मी राऊटर उंच करायला स्टुलावर चढलो होतो. राऊटर नीट बसला. मी नाही बसलो. पायात पट्टी, सळई, मग काठी. दुधनीला येणं बंद. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही. तू फोनवर म्हणालीस, "रेंज घावली, पाय गेला." आणि लगेच म्हणालीस, "तू काय येऊ नगं. आता नेटवरनंच बोलू. तुझंच बरोबर हाय. नेटवर लई चांगलं ऐकू येतंय."

अक्का, तू उभ्या आयुष्यात मला "तुझंच बरोबर" असं कधी म्हणाली होतीस? पत्त्यात नाही, आंब्याच्या भावात नाही, बाबांच्या आजारपणात कुठला डॉक्टर यावर तर नाहीच नाही. अशी माणसं एकाएकी मान्य करायला लागली की शेजारच्यानं घाबरायला पाहिजे. मी काय केलं? सुवर्णाला हाक मारून सांगितलं, "अक्का हरली!" ती पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली. मी समजलो, तिला आनंद झाला नाही, कारण ती नेहमी तुझ्या बाजूची.

मग सुरू झाले आपले ते महिने. रोज सकाळी, नेटवर. चेहरा दाखवायला मात्र तू तयार नव्हतीस. "केस इंचरले न्हाईत." "तोंड काय बघायचं, तेच हाय." मी सोडून दिलं.

तू हळू बोलायला लागलीस. दुधनीतनं अक्कलकोटपर्यंत ऐकू जाणारी बाई. मी कौतुकानं म्हणालो, "बघ, नेटवर ओरडावं लागत न्हाई." तू म्हणालीस, "व्हय." आधी तू एका दमात अख्ख्या गल्लीची बातमी द्यायचीस, आता चार शब्द, मग थांबा, मग चार शब्द. मी म्हणायचो, "अक्का, तुझ्याकडं नेट अडकतंय."

"व्हय," तू म्हणायचीस. थोडं थांबून. "अडकतंय."

लाईट गेली की तू घाईनं फोन ठेवायचीस. मी समजायचो, राऊटर बंद पडला असणार. मल्लूला मी इन्व्हर्टर कसा निवडावा यावर दोन लांब मेसेज पाठवले. त्यानं उत्तर दिलं, "घेतलाय मामा." मी खूश. घरात माझा सल्ला ऐकणारं कोणीतरी निघालं.

आणि खरं सांगू, ते महिने चांगले होते. घरी पडून होतो, काम नव्हतं, आणि तू आधी कधी न बोललेल्या गोष्टी बोललीस. तुझ्या लग्नात मी तुझ्या गाडीमागं पळत आलो आणि ओढ्यापाशी पडलो, ते तू मागच्या काचेतनं बघितलं होतंस, हे मला कळायला अर्धं आयुष्य गेलं. तू म्हणालीस, "गाडी थांबवा म्हणणार हुते. पण नव्या नवरीनं कसं बोलावं?" दोन गावांना ऐकू जाणारी तू, त्या दिवशी तेवढंच बोलली नाहीस. मी म्हणालो, "बोलायचं होतंस की." तू म्हणालीस, "आता बोलतेय न्हवं."

मग एका सकाळी मल्लूचा फोन आला, तो साध्या फोनवर. त्यावरनंच मला कळलं.

काठी घेऊन गाडीत बसलो. रस्ताभर सुवर्णानं माझा हात धरला होता. तुझ्या खोलीत तुझ्या खाटेशेजारी पांढरी पेटी होती, लहान फ्रिजएवढी, नळी गुंडाळून वर ठेवलेली. मी सवितेला विचारलं, "हे काय?" ती खाली बघायला लागली. मल्लू म्हणाला, "ऑक्सिजनचं मशीन, मामा. फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी घरीच लावायला सांगितलं होतं." कधीपासनं, विचारलं. तो म्हणाला, "तुमचा पाय मोडला त्याच्या पुढं-मागं." माईकचं पण सवितानं तेव्हाच सांगितलं. खोकला आला की तू स्वतः बटण दाबायचीस, उबळ सरली की परत दाबायचीस. गाल कधी लागलाच नव्हता.

माणसं जमली होती, बाहेर विधीसाठी जंगम आले होते, आणि मी काय केलं असेल? मी सवितेला म्हणालो, "मशीन लाव." ती घाबरली, पण लावलं. घर्रर्र. खोली भरून आवाज. शेजारी बोललेलं ऐकू येईना. मग मी काठी टेकत परसात गेलो, तुझ्या फोनवर नेटवरनं फोन लावला आणि सवितेला विचारलं, "मशीन चालू हाय?"

"चालू हाय की, मामा. ऐकू येत न्हाई?"

फक्त सविता ऐकू येत होती. स्वच्छ. मग साधा फोन लावला. घर्रर्र.

गोठ्यापाशी उभा राहून मी तो आवाज ऐकत राहिलो. कुणीतरी बाजलं आणून दिलं. मोडक्या पायाचा भाऊ दुःखानं कोसळेल असं त्यांना वाटलं असणार. मला खरं तर तुझा राग आला होता, अक्का. मला शिकवलेलं माझ्यावरच चालवलंस. मागं वाजतंय ते खरं, असं मला सांगितलंस आणि मागचंच काढून टाकलंस. भजी खाताना मी तुला फसवलं, त्याचं तू व्याजासकट वसूल केलंस.

का लपवलंस, तेही मला माहीत आहे. मागं तुला साधा ताप आला होता तेव्हा मी गाडी घेऊन आलो, तुला उचलून सोलापुरात दवाखान्यात टाकलं, आणि नेटवर वाचून वाचून डॉक्टरला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यानं नर्सला सांगितलं, यांना आधी खाली चहा पाजून आणा. तू खाटेवरनं म्हणाली होतीस, "तू आलास की आजारी माणसाला दुसरा आजार." आणि घरी सोडायला आलो तेव्हा उंबऱ्यात बसून म्हणालीस, "आता मला हितनं हलवायचं न्हाई."

एवढं सगळं समजतं. तरी एक समजत नाही, आणि तेच विचारायला हे लिहितोय. ते महिने, रोज सकाळी, माझ्याशी बोलताना तू काय करत होतीस? पोरकट भावाला खेळवत होतीस? खोकला दाबत, लाईटकडं डोळे लावून, कधी हा फोन ठेवेल म्हणून वाट बघत होतीस? मला वाटत होतं, आपण दोघं बोलतोय. तुझ्यासाठी ते काम होतं का, अक्का? औषध घेतल्यासारखं, रोजचं?

रोज सकाळी आठ वाजता मी अजून फोन हातात घेतो. नेटवर तुझं नाव सगळ्यात वर आहे. खाली येत नाही, कारण त्यानंतर मी कुणाशी एवढं बोललोच नाही.

परवा ते माईकचं झालं, हातातनं फोन सुटला आणि मी तसाच बसून राहिलो. सुवर्णा स्वयंपाकघरातनं आली. तिनं फोन उचलून टेबलावर ठेवला. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

मी म्हणालो, "मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मल्लूला, सवितेला."

ती म्हणाली, "मलापण."

मी विचारलं, "तुला कसं?"

"मी साध्या फोनवरनं बोलत होते की अक्कांशी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारलं, हा कसला आवाज? त्या म्हणाल्या, डाळमिल. मी म्हणाले, अक्का, डाळमिल घरात आली व्हय? मग सांगितलं. शपथ घातली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

काय केलं असतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मोडक्या पायानं, सायरन लावून.

ती माझ्या शेजारी बसली. मग मी तुझ्यासाठी ठेवलेला प्रश्न तिलाच विचारला. माझ्याशी बोलायचा तुला त्रास होत होता का, म्हणून.

"तुमचा फोन झाला की त्या मला लावायच्या," सुवर्णा म्हणाली. "रोज. काय काय बोललात ते सगळं सांगायच्या. ते ओढ्यापाशी पडलेलं पण. दम लागायचा, तरी सांगायच्या. मी एकदा म्हणाले, अक्का, एवढं बोलू नका त्यांच्याशी, मशीन लावलेलं असताना. तर म्हणाल्या, 'सुवर्णा, दिवसभर घर्र घर्र डोकं उठतंय बघ. तम्माशी बोलताना तेवढं मलाबी ऐकू येत न्हाई.'"